रिपोर्ट नॉर्मल, अंग मात्र ठणकतंच : एका दुखण्याचा इतिहास

आमच्या अँटॉप हिलमध्ये दुखण्याला शब्द कमी नाहीत. उर्दू बोलणारी बाई म्हणते, "पूरा बदन टूटता है." कोकणातून आलेली म्हणते, "अंग मोडून येतंय, हाडं ठणकतात." उत्तरेकडची म्हणते, "पोर-पोर पिरात है." शाळेत पालकसभा असली की पहिल्या मजल्यावरच्या वर्गापर्यंत येताना जिन्यात दोनदा थांबणाऱ्या आया मला दरवर्षी दिसतात. वय पस्तीस-चाळीस. पिशवीत मुलाच्या प्रगतिपुस्तकाबरोबर स्वतःची फाईलही असते, कारण पुढे दवाखान्यात जायचं असतं. फाईलमध्ये रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, कधी एमआरआय. सगळ्यांवर एकच शेरा : नॉर्मल.

शेजारच्या एक खाला जरीचं काम करतात. गेली सहा वर्षं त्यांचं अंग दुखतंय. झोप लागते पण सकाळी उठल्यावर रात्रभर ओझी वाहिल्यासारखं वाटतं. बोललेलं विसरतात, गोंगाट सहन होत नाही, पोट बिघडतं. त्यांना तीन प्रकारची उत्तरं मिळाली. पहिलं उत्तर घरातून आणि एका दवाखान्यातून : "काही नाही, मनाचं आहे, काम टाळायचं निमित्त." दुसरं उत्तर नात्यातल्या एका गृहस्थांकडून : "आपल्या तिब्बमध्ये हे सगळं हजार वर्षांपूर्वीच लिहिलंय, चाळीस दिवसांत बरं होतं." तिसरं उत्तर भाचीच्या मोबाईलवरून आलं : फंक्शनल मेडिसिन नावाची नवी पद्धत, मुळापासून इलाज, तीन महिन्यांचं पॅकेज. त्या पॅकेजची रक्कम खालांच्या सहा महिन्यांच्या कमाईपेक्षा जास्त होती.

या दुखण्याला आज वैद्यकात फायब्रोमायल्जिया म्हणतात. मी वैद्यक शिकलेली नाही, भाषा शिकवते. पण वरची तिन्ही उत्तरं नीट पाहिली तर ती इतिहासाबद्दलची विधानं आहेत. हा आजार नवा की जुना? तो खरा की कल्पित? आणि "मुळापासून इलाज" ही कल्पना कुठून आली? या प्रश्नांची उत्तरं इतिहासात बऱ्यापैकी सापडतात, म्हणून हा लेख.

न दुखणारा आजार आणि दिसत नसलेला आजार

सुरुवात आपल्याच परिसरातून करू. अँटॉप हिलच्या शेजारी, वडाळ्यात, अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. १८९० साली माटुंग्याचं बेघर कुष्ठरोग्यांचं आश्रयस्थान म्हणून ते सुरू झालं. तेव्हाचे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅकवर्थ यांच्या नावाने ते आज ओळखलं जातं. हेच अ‍ॅकवर्थ मराठी पोवाड्यांचे अभ्यासक होते. मराठी पोवाड्यांचे त्यांनी केलेले इंग्रजी अनुवाद १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. शहराच्या टोकाला, मिठागरांच्या बाजूला ही जागा निवडली गेली, कारण तेव्हा ती वस्तीपासून दूर होती.

कुष्ठरोगात मज्जातंतूंना इजा होते आणि संवेदना जाते. हात भाजला तरी कळत नाही, पायात खिळा गेला तरी माणूस चालत राहतो, आणि मग जखमा चिघळतात. म्हणजे जखम डोळ्यांना दिसते पण वेदना नसते. फायब्रोमायल्जियात बरोबर उलटं. वेदना आहे, पण डोळ्यांना दिसेल अशी जखम नाही, सूज नाही, सांधा वाकडा नाही. समाजाने दिसणाऱ्या आजाराला भ्यायचं ठरवलं आणि त्याच्या रोग्यांना वस्तीबाहेर काढलं. न दिसणाऱ्या आजाराला खोटं ठरवलं, आणि त्याच्या रोग्यांना घरातच एकटं पाडलं. दोन्ही वेळा चूक एकच होती : आजार म्हणजे जे डोळ्यांना दिसतं ते, असं धरून चालणं.

इब्न सिना आणि जालीनूस यांचा वाद

जखम नसताना वेदना होऊ शकते का, हा प्रश्न नवा नाही. ग्रीक वैद्य गॅलन, ज्यांना अरबीत आणि उर्दूत जालीनूस म्हणतात, त्यांचं मत होतं की वेदनेचं कारण म्हणजे शरीराच्या सलगतेत पडलेला खंड. तिब्बच्या भाषेत "तफर्रुक-ए-इत्तिसाल". कापलं, फाटलं, ताणलं, तुटलं की दुखतं. आज "रिपोर्टमध्ये काहीच नाही, मग दुखेल कसं?" असं म्हणणारा डॉक्टर नकळत जालीनूसच्याच बाजूने बोलत असतो.

इब्न सिना (९८०–१०३७) यांनी 'अल-कानून फी अल-तिब्ब'मध्ये हे मत पूर्ण मान्य केलं नाही. त्यांचं म्हणणं, मिजाज म्हणजे शरीराची प्रकृती अचानक बिघडली तर तो बिघाड स्वतःच वेदना निर्माण करू शकतो. त्यासाठी खंड पडलाच पाहिजे असं नाही. याच ग्रंथात त्यांनी वेदनेचे पंधरा प्रकार सांगितले : टोचणारी, ठणकणारी, दाबणारी, ताणणारी, जड वाटणारी, खाज आणणारी वगैरे. त्यातला एक प्रकार आहे "इअयाई", म्हणजे थकव्याची वेदना. थकवा आणि वेदना यांची सांगड त्यांना वेगळी नोंदवावीशी वाटली. त्यांच्याही कितीतरी आधी बुकरात (हिप्पोक्रेटिस) यांच्या सूत्रांमध्ये काम न करता आलेला थकवा हे आजाराचं लक्षण म्हणून सांगितलं आहे.

इथे मोह आवरला पाहिजे. इब्न सिनांनी फायब्रोमायल्जिया शोधला होता, असं म्हणायला आधार नाही. त्यांची चार अखलातींची (कफ, रक्त, पित्त, सौदा) चौकट आजच्या शरीरशास्त्राशी जुळत नाही. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. रुग्ण सांगतो ती वेदना खरी आहे, तिचं कारण दिसलं नाही तरी ती नाकारायची नाही, तिचे प्रकार बारकाईने विचारायचे, हा शिरस्ता त्या ग्रंथात आहे. "हे मनाचं आहे, जा" असं म्हणून बाईला घरी पाठवणं ही आपली वैद्यकीय परंपरा नव्हे.

दख्खनच्या दरबारातले हकीम

ही विद्या महाराष्ट्रात पोहोचली ती दख्खनच्या सल्तनतींबरोबर. अहमदनगरच्या बुरहान निजामशाहांच्या दरबारात रुस्तम जुरजानी या हकीमांनी 'जखीरा-ए-निजामशाही' हा फारसी वैद्यकग्रंथ लिहिला. त्याच बुरहानशाहांकडे गोव्याहून एक पोर्तुगीज वैद्य येत असे, त्याचं नाव गार्सिया द ऑर्टा. औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. निजामशाहीतल्या अरबी-फारसी परंपरेच्या हकीमांशी झालेल्या चर्चा आणि देशी वैद्यांकडून मिळालेली माहिती त्यात ठिकठिकाणी येते. याच ऑर्टाला पोर्तुगीज राजाकडून मुंबई बेट भाडेपट्ट्याने मिळालं होतं. म्हणजे मुंबईच्या पहिल्या युरोपीय जमीनधारकांपैकी एक हा अहमदनगरच्या हकीमांसोबत बसून शिकलेला वैद्य होता. तो मूळचा ज्यू घराण्यातला. मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली.

अहमदनगरात वाढलेला आणि पुढे विजापूरला गेलेला इतिहासकार फरिश्ता आपल्याला माहीत आहे. पण त्याने 'दस्तूर-उल-अतिब्बा' नावाचा वैद्यकग्रंथही लिहिला, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्यात त्याने भारतीय वैद्यकाची, म्हणजे आयुर्वेदाची माहिती फारसी वाचकांसाठी मांडली. तिब्ब आणि आयुर्वेद यांना एकमेकांचे शत्रू समजणाऱ्यांनी फरिश्ताचं हे पुस्तक लक्षात ठेवायला हवं. इथल्या मातीत हकीम आणि वैद्य एकमेकांकडून घेत होते, आणि जे उपयोगी वाटेल ते लिहून ठेवत होते.

नाव मिळायला लागलेली पाऊण शतकं

आधुनिक वैद्यकात या दुखण्याला नाव मिळण्याची गोष्ट १९०४ पासून सुरू होते. लंडनचे विल्यम गॉवर्स यांनी कंबरदुखीवरच्या व्याख्यानात "फायब्रोसायटिस" हा शब्द वापरला. त्यातला "आयटिस" म्हणजे सूज किंवा दाह. स्नायूंच्या तंतूंना सूज येत असावी असा त्यांचा अंदाज. पुढची कित्येक वर्षं डॉक्टर ती सूज शोधत राहिले आणि ती सापडली नाही. सूज नाही म्हटल्यावर संशय रोग्यावर गेला, आणि रोगी बहुतेक बाया होत्या. "हिस्टेरिया" आणि "नर्व्हसनेस" हे शब्द तयारच होते.

१९७० च्या दशकात टोरांटोतल्या मोल्डोफस्की यांनी एक साधा पण महत्त्वाचा प्रयोग केला. निरोगी माणसांची गाढ झोप त्यांनी रात्री मुद्दाम मोडली. ती माणसं झोपत होती, पण गाढ झोपेच्या टप्प्यात पोहोचली की त्यांना त्रास दिला जाई. काही रात्रींत त्या निरोगी माणसांचंही अंग दुखायला लागलं, दाबलं तर कळ यायला लागली. झोप पूर्ववत झाल्यावर ते गेलं. वेदना आणि झोप यांचं नातं दोन्ही बाजूंनी चालतं, हे यातून पुढे आलं.

१९७६ मध्ये अमेरिकेतले हेंच यांनी "फायब्रोमायल्जिया" हे नाव सुचवलं. "आयटिस" गेलं आणि "अल्जिया" म्हणजे वेदना आली. नावातच कबुली होती की सूज नाही, वेदना आहे. आणि १९८१ मध्ये मुहम्मद युनूस यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे नोबेलवाले युनूस नव्हेत. हे मूळचे बांगलादेशचे, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात पिओरिया इथे काम करणारे संधिवाततज्ज्ञ. त्यांनी ५० रुग्ण आणि त्यांच्याशी वय वगैरे जुळणारी ५० निरोगी माणसं घेऊन तुलना केली. थकवा, न ताजी करणारी झोप, डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी, ठरावीक ठिकाणी दाबल्यावर होणारी वेदना या सगळ्या गोष्टी एकत्र येतात आणि निरोगी गटात तशा येत नाहीत, हे त्यांनी दाखवलं. बाईच्या तक्रारींची यादी लांबत चालली की डॉक्टर तिला "नाटकी" समजत होते. युनूस यांनी दाखवलं की ती लांब यादीच या आजाराची ओळख आहे.

१९९० मध्ये अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने निकष ठरवले : शरीरावरच्या १८ बिंदूंपैकी किमान ११ ठिकाणी दाबल्यावर वेदना. २०१० मध्ये ती बिंदू मोजण्याची सक्ती काढून टाकली आणि वेदना किती भागांत आहे, थकवा, झोप, स्मरण यांची अवस्था काय, हे विचारायचं ठरलं. २००२ मध्ये मेंदूच्या स्कॅनचा एक अभ्यास आला होता. अंगठ्याच्या नखावर हलका दाब दिल्यावर या रुग्णांच्या मेंदूतले वेदनेशी संबंधित भाग जागे होत होते. निरोगी माणसांत तेवढं होण्यासाठी बराच जास्त दाब द्यावा लागत होता. आज बहुतेक तज्ज्ञ मानतात की या आजारात वेदना मोजणारी यंत्रणाच, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू, जास्त संवेदनशील झालेली असते. रेडिओचा आवाज वाढवून ठेवावा तसं. म्हणून गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल येतो. बिघाड तिथे नसतोच.

सर्पगंधेचा प्रवास

"आपल्या तिब्बमध्ये सगळं आहे" म्हणणाऱ्यांसाठी मुंबईशी जोडलेली एक गोष्ट सांगते. हकीम अजमल खान (१८६८–१९२७) यांनी दिल्लीत उभारलेल्या तिब्बिया कॉलेजचं उद्घाटन १९२१ मध्ये गांधीजींच्या हस्ते झालं. हकीम साहेबांचा आग्रह होता की देशी औषधं प्रयोगशाळेत तपासली पाहिजेत. त्यासाठी त्यांनी सलीमुज्जमान सिद्दीकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला हाताशी धरलं. सिद्दीकींनी सर्पगंधा, म्हणजे हकीमांच्या भाषेत असरोल, या वनस्पतीतून एक द्रव्य वेगळं काढलं आणि आपल्या उस्तादांच्या नावावरून त्याला "अजमलीन" म्हटलं.

पुढचा टप्पा परळला घडला. केईएम रुग्णालयातले पारशी डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधेची चाचणी घेतली आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये ती प्रसिद्ध केली. जगाचं लक्ष या वनस्पतीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्यातून रेसर्पिन वेगळं केलं. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. हकीम, वैद्य, पारशी डॉक्टर आणि स्विस रसायनशास्त्रज्ञ एका मुळीच्या मागे लागले आणि रक्तदाबाचं औषध जगाला मिळालं.

पण गोष्ट इथे संपत नाही. रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना उदासी येऊ लागली. शोध घेतला तेव्हा कळलं की हे औषध मेंदूतले सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि डोपामिन यांचे साठे रिकामे करतं. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांना रेसर्पिन दिलं. त्या प्राण्यांच्या स्नायूंत दीर्घकाळ वेदना आली, नुसत्या स्पर्शाचाही त्रास होऊ लागला. आज फायब्रोमायल्जियाचा अभ्यास करण्यासाठी हे उंदीर वापरले जातात. आणि त्या आजारावर दिलं जाणारं ड्युलोक्सेटिन हे औषध नेमकं सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन यांची पातळी वाढवतं.

एकाच वनस्पतीने रक्तदाब उतरवला, काहींना उदासी दिली आणि वेदनेचं कोडं थोडं सोडवलं. "जडीबुटी आहे, नुकसान काय होणार?" या वाक्याला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. हकीम अजमल खान यांचा खरा वारसा सर्पगंधा नव्हे, तपासणीचा आग्रह आहे.

भिगवणचा धडा

हा श्रीमंतांचा, शहरी बायकांचा आजार आहे, असंही ऐकायला मिळतं. १९९६ मध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने आखलेल्या पद्धतीची ही पाहणी होती. हाडं, सांधे, स्नायू यांच्या दुखण्याच्या तक्रारी सुमारे १८ टक्के लोकांत आढळल्या. आमवातासारखा ठळक सांधेविकार जेमतेम अर्धा टक्का होता. दुखणाऱ्यांतल्या मोठ्या हिश्शाला कोणत्याही ठरावीक संधिवाताचं लेबल लावता आलं नाही. म्हणजे शेतावर राबणाऱ्या गावातही "रिपोर्ट नॉर्मल आणि अंग ठणकतंय" ही अवस्था सर्रास होती. तिला विचारायला कोणी दारापर्यंत गेलं नव्हतं, एवढंच.

फंक्शनल मेडिसिन आणि सहा कारणं

आता खालांच्या भाचीने दाखवलेल्या पॅकेजकडे येऊ. फंक्शनल मेडिसिन ही संज्ञा अमेरिकेतले जेफ्री ब्लँड यांच्यामुळे रूढ झाली. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने १९९१ मध्ये तिची संस्था काढली. भूमिका अशी : आजाराला नाव देऊन गोळी देण्याऐवजी त्यामागची कारणं शोधा. आहार, आतडी, झोप, ताण, हालचाल, हार्मोन्स, पोषणद्रव्यांची कमतरता, सभोवतालची विषारी द्रव्यं यांचा एकत्र विचार करा. रुग्णाशी तास-तासभर बोला.

मी हे वाचलं तेव्हा मला उर्दू तिब्बी पुस्तकांतली एक संज्ञा आठवली : "असबाब-ए-सित्ता जरूरिया", सहा अनिवार्य कारणं. मुळात ती जालीनूसच्या विचारातून आली, बगदादच्या हुनैन इब्न इसहाक (८०९–८७३) यांनी ती अरबीत मांडली आणि अकराव्या शतकात इब्न बुतलान यांनी 'तकवीम-उस-सिहा' या ग्रंथात तक्त्यांच्या रूपात सजवली. ती सहा अशी : हवा, खाणंपिणं, शरीराची हालचाल आणि विश्रांती, मनाची हालचाल आणि शांतता, झोप आणि जागेपण, शरीरातून काय बाहेर जावं आणि काय राहावं. हकीमाने औषधाआधी या सहा गोष्टी विचारायच्या. आजच्या फंक्शनल मेडिसिनचा तक्ता आणि हा हजार वर्षांपूर्वीचा तक्ता शेजारी ठेवले तर बरीच घरं सारखी भरतात.

म्हणजे प्रश्न चांगले आहेत आणि जुने आहेत. पण चांगला प्रश्न म्हणजे सिद्ध झालेला इलाज नव्हे. भारतातल्या एमबीबीएसनंतरच्या मान्य अभ्यासक्रमांत फंक्शनल मेडिसिन नावाची शाखा नाही. त्या पॅकेजमध्ये अन्नाच्या "संवेदनशीलतेच्या" ज्या महागड्या रक्तचाचण्या होत्या, त्यांना अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी निदानासाठी निरुपयोगी ठरवलं आहे. अशा रिपोर्टवर विसंबून दूध, गहू, डाळ, अंडी बंद केली की आधीच अशक्त असलेली बाई आणखी अशक्त होते. खर्च होतो तो मुलांच्या फीचा.

हीच कसोटी आपल्या घरच्या उपायांनाही लावायला हवी. हिजामाचं उदाहरण घ्या. २०१६ मध्ये जर्मनीत फायब्रोमायल्जियाच्या १४१ रुग्णांवर कपिंगची चाचणी झाली. कपिंग घेतलेल्यांना नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा बरं वाटलं. पण ज्यांना नुसतंच खोटं, दाब नसलेलं कपिंग केलं त्यांनाही तेवढंच बरं वाटलं. ती चाचणी रक्त न काढता केलेल्या कपिंगची होती, हे खरं. तरी "हिजामाने हा आजार मुळापासून जातो" असा बोर्ड लावणाऱ्याला पुरावा मागण्याचा हक्क आपल्याला आहे. सुन्नत म्हणून कुणी हिजामा करत असेल तर तो श्रद्धेचा भाग. पण हजारो रुपयांचं पॅकेज विकणं हा धंद्याचा भाग आहे, आणि धंद्याला हिशेब विचारायचा असतो.

सगळ्यात धोक्याचे आहेत ते बिनलेबलच्या पुड्या. "दोन दिवसांत आराम" देणाऱ्या पुडीत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि एकदम बंद केली तर जिवावर बेततं. फायब्रोमायल्जियात तर स्टेरॉइडचा उपयोगही नाही. शिकलेला, नोंदणीकृत हकीम असं करत नाही. वर्सोव्याचं अंजुमन-ए-इस्लामचं तिब्बिया कॉलेज किंवा मालेगावचं तिब्बिया कॉलेज इथे शिकलेल्यांनी तर अशा पुड्यांविरुद्ध सर्वांत आधी बोलायला हवं, कारण बदनामी त्यांच्या विद्येची होते.

आमच्या खोल्यांमधली सहा कारणं

सहा कारणांचा तक्ता घेऊन मी आमच्या गल्लीकडे पाहते तेव्हा काय दिसतं?

हवा : दहा बाय बाराची खोली, एक खिडकी, तीही समोरच्या भिंतीला लागलेली. ऊन अंगावर येत नाही, ड जीवनसत्त्व कमी असतं. खाणं : सकाळी चहा-पाव, दुपारी उरलेलं, सर्वांचं झाल्यावर. हालचाल : जरीच्या चौकटीसमोर आठ तास मान खाली घालून बसणं. याला काम म्हणतात, व्यायाम नाही. मन : भाडं, मुलीचं लग्न, पुनर्विकासाच्या नोटिसा, नवऱ्याची सुटलेली नोकरी. झोप : पाणी पहाटे येतं, रात्रपाळीचा माणूस दोनला घरी येतो, भिंतीपलीकडे टीव्ही. आणि सहावं, ज्याबद्दल कोणी बोलत नाही : सार्वजनिक संडासाची रांग टाळण्यासाठी बाया दिवसभर पाणी पीत नाहीत.

या यादीतलं कोणतंही एक कारण फायब्रोमायल्जिया आणतं, असं मी म्हणत नाही. हा आजार बंगल्यातही होतो आणि त्यात आनुवंशिकतेचाही वाटा आहे. पण दुखणं असताना या सहाही गोष्टी बिघडलेल्या असतील तर ते कमी कसं होणार? "मुळापासून इलाज" म्हणायचं असेल तर मूळ इथेही आहे, आणि ते कोणत्याही पॅकेजमध्ये येत नाही. ते पाण्याच्या वेळेत आहे, संडासांच्या संख्येत आहे, घरकामाच्या वाटणीत आहे.

मग करायचं काय?

युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६-१७ मध्ये फायब्रोमायल्जियाच्या सगळ्या उपचारांचा पुरावा तपासला. ज्याची ठाम शिफारस करता येईल असा एकच उपाय त्यांना सापडला : व्यायाम. हळू सुरू केलेला, नियमित, झेपेल इतकाच. बाकी सगळ्या उपायांची, औषधांसकट, शिफारस सौम्य शब्दांत आहे. इब्न सिनांनी 'कानून'मध्ये वेदना कमी करणाऱ्या गोष्टींत अफूसारख्या औषधांबरोबरच बराच वेळ हलकं चालणं, झोप आणणारं मधुर संगीत आणि मन गुंतवणारं काम हेही लिहिलं आहे. हजार वर्षांच्या अंतरावरच्या या दोन शिफारशी एका ठिकाणी भेटतात, याचा मला आनंद होतो. मात्र आजच्या शिफारशीवर माझा विश्वास आहे तो ती तपासून दिलेली आहे म्हणून.

खालांना सायन हॉस्पिटलच्या मेडिसिन ओपीडीत आम्ही घेऊन गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी दुसरं काही नाही ना ते पाहिलं : रक्तातलं हिमोग्लोबिन, थायरॉइड, ड आणि ब१२ जीवनसत्त्व, सुजेच्या चाचण्या. थायरॉइडचा आजार किंवा रक्ताची कमतरता असली तरी अंग असंच दुखतं, म्हणून हे तपासणं आवश्यक असतं. या चाचण्या पॅकेजमधल्या चाचण्यांच्या मानाने फार स्वस्त आहेत. मग त्यांनी खालांना समोर बसवून सांगितलं, "तुमचं दुखणं खरं आहे. याला नाव आहे. यानं हातपाय वाकडे होत नाहीत, जीव जात नाही. पूर्ण जाईल असं वचन देत नाही, कमी करता येतं." रात्रीची एक छोटी गोळी, आणि रोज दहा मिनिटं चालणं, दर आठवड्याला थोडं वाढवत.

खाला बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आपा, बीमारी का नाम है, ये मेरे मियाँ को भी बता देना." मी सांगितलं. आता मगरिबच्या आधी त्या आणि गल्लीतल्या आणखी दोघी शेख मिसरी दर्ग्याच्या बाजूने चालायला जातात. दुखणं गेलेलं नाही. वाईट दिवस येतात, त्या दिवशी सुई हातात धरवत नाही. पण घरात आता त्यांना "नाटक" कोणी म्हणत नाही, आणि पाण्याच्या बादल्या मुलगा भरतो.

तुमच्या घरात अशी फाईल असेल तर तीन गोष्टी करा. दुखणाऱ्या माणसावर विश्वास ठेवा. चालू औषध कुणाच्याही सांगण्यावरून एकदम बंद करू नका आणि बिनलेबलची पुडी घेऊ नका. आणि इलाज विकणारा हकीम असो, डॉक्टर असो की मोबाईलवरचा कोच, त्याला विचारा : हे कुणावर तपासलं, आणि त्यांचं काय झालं? हकीम अजमल खान यांनी हाच प्रश्न स्वतःच्या विद्येला विचारला होता.